जखम मांडीला, मलम शेंडीला

आपल्या मराठीत एक झकास म्हण आहे - 'जखम मांडीला, मलम शेंडीला'. शाळेत आपण ती 'वाक्यात उपयोग करा' पुरती पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरलो. पण आपल्या वयाच्या मुलांचं केसांच्या बाबतीत जे काही चाललेलं असतं ते पाहिलं की वाटतं, ही म्हण बनवणाऱ्याने केस गळणाऱ्या एखाद्या पोराला समोर बसवूनच ती बनवली असावी! कारण केस गळायला लागले की आपण पहिलं काम काय करतो? मलम शेंडीला. जखम आहे कुठे, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

विषय हसण्यासारखा आहे, मान्य. मित्रांनो, हवं तर आत्ताच हसून घ्या. पण विशी-बाविशीत ज्याचे केस कपाळावरून मागे सरकायला लागलेत त्याच्याकडे एकदा नीट बघा. तो ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो. आपल्याकडे पाऊस चार महिने धो-धो पडतो, पण हा पावसात भिजायला घाबरतो, कारण ओले केस सगळं गुपित उघडं करतात. व्हायवाला जातानासुद्धा टोपी शेवटच्या क्षणी काढतो. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री अभ्यास सोडून आरशासमोर भांग इकडचा तिकडे करत बसतो. आणि कॅन्टीनमध्ये 'काय रे, एअरपोर्टचं काम सुरू झालं वाटतं!' असं कोणी म्हटलं, की सगळ्यात मोठ्याने तोच हसतो. त्या हसण्यात काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

मग सुरू होतात उपाय. आजी सांगते, माक्याचं तेल लाव. आई जास्वंदीची फुलं खोबरेलात उकळते. गणपतीला गावी आलेला मुंबईकर काका पिशवीतून एक बाटली काढतो, 'आमच्या ऑफिसातल्या एकाला चांगला फरक पडला' म्हणून. रूम पार्टनर कांद्याचा रस सुचवतो, आणि मग आठवडाभर लेक्चरला त्या बिचाऱ्याच्या बाजूला कोणी बसत नाही. सलूनवाले दादा म्हणतात, एकदा गोटा करून टाका, दाट येतील. मोबाईल उघडला तर तिथेही कोणीतरी आधीचं टक्कल आणि नंतरची झुलपं दाखवत उभा असतोच. गंमत अशी, की हे सगळे 'काय लावू?' या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. 'का गळतायत?' हा प्रश्न कोणाच्या तोंडून येत नाही.

आपण इंजिनिअरिंगची मुलं. पॅनेलवर लाल दिवा लागला तर दिव्याला रंग फासून कोणी घरी जात नाही, फॉल्ट शोधतो. मग स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत आपण दिव्यालाच रंग का फासत बसतो? माझं म्हणणं एवढंच आहे, की केस गळण्याचं कारण शोधायची लाज वाटणं थांबलं पाहिजे. कारण कळलं तर अर्धं काम होतं. न कळता लावलेली बाटली पैसे घेते, वेळ घेते आणि कधीकधी त्याहून बरंच काही घेऊन जाते.

'का?' हा प्रश्न किती मोलाचा असतो ते बघायचं असेल तर थोडं लांब, बुलढाणा जिल्ह्यात जावं लागेल. गजानन महाराजांचं शेगाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव अशा गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस एक विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज सुटायची. मग दोन-तीन दिवसांत नुसता हात फिरवला तरी केसांचा झुबका हातात यायचा. आठवड्याच्या आत टक्कल! यात बायका होत्या, लहान मुलं होती, आपल्यासारखी कॉलेजची मुलं-मुलीही होती. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतली २७९ माणसं या यादीत गेली. बातम्या झळकल्या. कोणी 'टक्कल व्हायरस' असं बारसंही करून टाकलं. देशभर लोक त्यावर विनोद करत होते, आणि तिथे मुलं शाळा-कॉलेजात जायला तयार नव्हती, ठरलेली लग्नं पुढे ढकलली जात होती.

संशय पहिला कोणावर आला? अर्थात डोक्याला जे जे लागतं त्याच्यावर! शॅम्पू, साबण, बुरशी, आंघोळीचं पाणी. पाण्याचे नमुने तपासले, त्यात नायट्रेट जास्त सापडलं. डोक्याच्या त्वचेचे नमुने घेतले. दिल्लीहून आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं. हे सगळं करायलाच हवं होतं, त्यात चूक काही नाही. पण या गोंधळात एक माणूस डोक्यावरून नजर काढून पोटाकडे बघत होता. आणि आपण कॉलर ताठ करावी अशी गोष्ट म्हणजे तो माणूस आपल्या महाडचा - डॉ. हिम्मतराव बावस्कर.

डॉक्टरांनी बाधित लोकांच्या रक्ताचे, लघवीचे आणि केसांचे नमुने तपासून घेतले आणि त्याबरोबर हे लोक खातात काय तेही पाहिलं. गावकरी रेशनच्या दुकानातला गहू खात होते. तो गहू प्रयोगशाळेत गेला. उत्तर आलं : एक किलो गव्हात १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम. धुऊन तपासला तरी १३.६१. आता हा आकडा म्हणजे किती, ते आपल्या भाषेत मांडून बघू. सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की धोका. समजा एखादा माणूस दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खातो. १४.५२ ला ०.३ ने गुणा. साधारण ४.३६ मिलिग्रॅम, म्हणजे ४३६० मायक्रोग्रॅम! मर्यादेच्या दहापटीहून जास्त, तेही रोज, दोन्ही वेळच्या जेवणातून. त्यात या लोकांच्या शरीरात जस्ताचं प्रमाण कमी सापडलं.

सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं जातात, हे वैद्यकाच्या पुस्तकात फार पूर्वीपासून लिहिलेलं आहे. आणि झालंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातल्या काही लोकांची नखं गळू लागली. उलट तो गहू खाणं थांबवल्यावर काहींचे केस पुन्हा उगवू लागल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आयसीएमआरच्या तपासणीतही लोकांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं. गहू नेमका कुठून आला, दोष कोणाचा, यावर पुढे वाद झाले, ते होतच राहतील. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे. जखम ताटात होती आणि सगळे मलम डोक्याला शोधत होते! त्या गावांत जगातलं सर्वात महाग तेल जरी फुकट वाटलं असतं, तरी एक केस वाचला नसता.

आणखी एक मजा सांगतो. कोंड्यावर जे औषधी शॅम्पू मिळतात त्यातल्या काहींत सेलेनियम सल्फाइड असतं. म्हणजे जे मूलद्रव्य पोटात जास्त गेलं तर केस घालवतं, त्याचंच एक संयुग डोक्याला लावून धुतलं तर कोंडा घालवतं. 'अमुक केसांना चांगलं, तमुक वाईट' असं सरसकट बोलणं किती पोकळ आहे, हे यावरून कळावं. किती आणि कुठून, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

बावस्कर डॉक्टरांना ही नजर काही शेगावात जाऊन आली नाही, ती आपल्याच मातीत तयार झाली. जालना जिल्ह्यातल्या एका गरीब घरातला हा मुलगा डॉक्टर होऊन १९७६ साली आपल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, त्यात लहान मुलं जास्त. विंचू चावायचा पायाला किंवा हाताला, आणि उपचारही तिथेच. झाडपाला बांधा, मांत्रिक बोलवा. डॉक्टर मात्र रुग्णाच्या उशाशी बसून बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं, की माणूस मरतो तो पायाने नाही. विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि जीव जातो. मग त्यांनी प्राझोसिन नावाचं औषध वापरलं, जे मुळात रक्तदाबाचं आहे. गंभीर रुग्णांपैकी जिथे जवळपास ४० टक्के दगावत, तिथे हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. महाडमध्ये बसून केलेलं हे काम 'लान्सेट'सारख्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डंख पायाला, औषध हृदयाला! केस गळाले डोक्याचे, दोष गव्हात! दोन्ही वेळा त्यांनी एकच केलं. जिथे दिसतं तिथेच नजर अडकू दिली नाही.

आता आपल्याकडे वळू. महाड-पोलादपूरच्या गव्हात सेलेनियम आहे असं मी मुळीच म्हणत नाही, उगाच घाबरू नका! पण तीच पद्धत आपण स्वतःला लावू शकतो. फक्त चार प्रश्न. एकट्याचे गळतायत की घरादाराचे, गावाचे? हळूहळू की अचानक? डोक्याच्या कुठल्या भागातले? आणि खाज, खपल्या, पू, जखम असं काही आहे का? या चार उत्तरांत निम्मं निदान असतं.

आपल्या वयाच्या बहुतेक मुलांचं उत्तर असतं : एकट्याचे, हळूहळू, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि टाळूवरचे, खाज वगैरे काही नाही. हे आनुवंशिक टक्कल. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. काही जणांच्या पुढच्या आणि वरच्या भागातल्या केसांची मुळं या डीएचटीला फार लवकर दबतात. केस दर फेरीत अधिक बारीक, अधिक आखूड होत जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. मागचे आणि कानावरचे केस त्याला दाद देत नाहीत, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतात. हे आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही, त्यामुळे एकट्या आजोबांना दोष देऊन काही होत नाही. इथे तेलाचा काय उपयोग? खोबरेल तेल चांगलंच आहे. ते केसातली प्रथिनं धुऊन जाण्यापासून वाचवतं, केस तुटणं कमी करतं. आईने डोक्याला तेल चोळून दिलं की झोपही छान लागते, ते सुख कोणत्याच औषधात नाही! पण मुळाशी चाललेला संप्रेरकांचा खेळ तेलाला थांबवता येत नाही.

ज्याला खरंच थांबवायचंय त्याच्यासाठी अभ्यासाने सिद्ध झालेली औषधं मोजकीच आहेत. त्यातलं एक मिनॉक्सिडिल. योगायोग बघा, हेही मुळात रक्तदाबाचंच औषध! ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा डॉक्टरांचं लक्ष गेलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झालं. दुसरं फिनास्टेराइड, मुळात प्रोस्टेटच्या त्रासासाठी आलेलं, १९९७ पासून टकलासाठीही. ते डीएचटी तयार होणंच कमी करतं. ही जादू नव्हे, हे आधीच समजून घ्या. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला थोडे केस जास्तच गळतात आणि घाबरून मुलं तिथेच ते सोडून देतात. खरा फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं. फिनास्टेराइडने काही जणांना लैंगिक त्रास होऊ शकतो, मन उदास होऊ शकतं. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मित्राच्या गोळ्यांतून दोन गोळ्या मागून, अजिबात घ्यायचं नाही. आणि ही औषधं उरलेला केस टिकवायला जास्त कामाची आहेत, गुळगुळीत झालेल्या जागी ती फार काही करू शकत नाहीत. म्हणजे जो लाजून दोन-तीन वर्षं टोपीखाली काढतो तो नेमका उपयोगाचा काळ घालवतो. लाज किती महाग पडते बघा.

दुसरा प्रकार : सगळ्या डोक्यावरचे, अचानक, भरपूर. उशीवर केस, कंगव्यात केस, बाथरूमच्या जाळीत केस. रोज ५० ते १०० केस जाणं हे नॉर्मल असतं, पण हे त्याहून बरंच जास्त. इथे कॅलेंडर मागे उलटायचं. दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? डेंग्यू? टायफॉइड? ऑपरेशन? उपाशी राहून घटवलेलं वजन? घरातलं एखादं मोठं दुःख? शरीरावर मोठा ताण आला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी एकदम गळतात. आषाढात तापाने फणफणलेला मुलगा दसऱ्याला केस गळतात म्हणून शॅम्पू बदलतो. तापाचा आणि केसांचा संबंध त्याच्या गावीही नसतो! कारण दूर झालं तर हे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. या काळात घेतलेल्या बाटलीला मात्र फुकटचं श्रेय मिळतं, आणि 'आमच्या ऑफिसातल्या एकाला फरक पडला' ही गोष्ट जन्माला येते. रक्तातलं लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तरी असेच केस जातात, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. मेसमध्ये वडापाव आणि चहावर दिवस काढणाऱ्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. आणि जिममध्ये कोणी बॉडी बनवायला स्टेरॉइडची इंजेक्शनं देत असेल, तर दंडाबरोबर टक्कलही लवकर येऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

तिसरा : डोक्यावर किंवा दाढीत एकाच जागी नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा. आम्ही इंग्लिश मीडियमवाले याला 'अलोपेशिया एरियाटा' म्हणून मोकळे होतो, गावातली आजी 'चाई पडली' म्हणते. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. यात आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. किडा केस खात नाही, आणि एकाची चाई दुसऱ्याला लागत नाही. तरी लोक त्यावर लसूण घासून कातडी भाजून घेतात! त्वचारोगतज्ज्ञाकडे यावर उपचार आहेत, आणि छोटे चट्टे पुष्कळदा आपोआपही भरून येतात.

चौथा : खाज आणि खपल्या. आपल्या दमट हवेत कोंडा घरोघरी. कोंडा म्हणजे कोरडी त्वचा असं समजून आपण आणखी तेल ओततो. खरं म्हणजे त्वचेवरची मॅलॅसेझिया नावाची एक प्रकारची बुरशी त्वचेच्या तेलावरच जगते, तेव्हा तेल ओतणं म्हणजे तिला जेवण वाढणं! केटोकोनॅझोलसारखा औषधी शॅम्पू डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा, लावल्यावर चार-पाच मिनिटं तसाच ठेवून धुतला, तर बहुतेकांचं काम होतं. खपल्यांबरोबर केस तुटत असतील, पू येत असेल तर मात्र तो गजकर्ण असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम त्यावर लावलं तर खाज दोन दिवस थांबते आणि आतून गजकर्ण पसरत राहतो.

आपल्या भागात आणखी एक उत्तर नेहमी ऐकू येतं : 'एमआयडीसीचं पाणी, दुसरं काय!' महाडमध्ये केमिकलचे कारखाने आहेत, तेव्हा लोकांना शंका येणं साहजिक आहे आणि पाणी तपासून मागणं हा आपला हक्कच आहे. ज्या गावाने चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह पाहिला, तिथे पाण्याबद्दल प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. पण एकट्या पोराचे फक्त कपाळावरचे केस जात असतील तर पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी सगळ्या डोक्यावर पडतं, सगळ्या घरावर पडतं. ते काय पुढचे केस वेगळे निवडून काढतं? उलट एकाच वाडीतल्या दहा जणांचे केस एकाच महिन्यात अचानक जायला लागले, तर मात्र तेल-शॅम्पू बाजूला ठेवून ताबडतोब आरोग्य केंद्र गाठायचं आणि पाणी, धान्य सगळं तपासायची मागणी करायची. शेगावने आपल्याला शिकवलं ते हेच.

कारण न विचारता उपायाच्या मागे धावलं की काय होतं, त्याची दोन उदाहरणं पुरेत. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टकलावर तेल लावून देण्याचं शिबिर भरलं. तिथे गेलेल्या साठाहून जास्त लोकांना डोळ्यांची जळजळ आणि सूज घेऊन दवाखाना गाठावा लागला. आणि मे २०२५ मध्ये कानपूरहून बातमी आली, की केस रोपण करून घेतल्यानंतर दोन तरुण इंजिनिअर दगावले. इंजिनिअर! आपल्यासारखेच. केस रोपण ही शस्त्रक्रिया आहे. योग्य डॉक्टर, भूल देण्याची नीट सोय आणि आधी सगळ्या तपासण्या हव्यातच. ती स्वस्तात कुठे होते हे शोधण्याआधी ती करणारा कोण आहे हे बघायला हवं. आपल्या देशाच्या औषध नियमांतल्या 'शेड्यूल जे' या यादीत टक्कल आहे. म्हणजे आमच्या औषधाने टक्कल बरं होतं असा दावा औषधाला करताच येत नाही. तरी 'पंधरा दिवसांत केस' अशी पाटी दिसली, तर ती वाचून पुढे चालू लागा.

काही जण म्हणतील, एवढं काय त्या केसांचं कौतुक? देशापुढे मोठे प्रश्न आहेत, आणि तुम्ही शेंडी धरून बसलात! बरोबर आहे. टक्कल पडलेला माणूस कमी इंजिनिअर ठरत नाही, कमी नवरा ठरत नाही. ज्याला काही उपचार करायचे नाहीत, सरळ बारीक केस ठेवून मजेत राहायचंय, त्याला माझा सलाम. आनुवंशिक टकलावर हा शंभर टक्के सुरक्षित आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे! पण तोही कारण कळल्यावर, स्वतः ठरवून केलेला असावा. आपल्यातलेच काही टिंगल करतात आणि काही टोपीत लपतात, आणि या दोघांच्या मधल्या जागेत बाटलीवाल्याचा धंदा चालतो. शेगावच्या लोकांवर हसणाऱ्यांनी तरी कुठे विचारलं, की हे गरीब लोक खातात ते धान्य कसलं आहे?

म्हणून आपल्या कॉलेजपुरत्या दोन साध्या सूचना. वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर घेतलं जातं तेव्हा वजन-उंची-डोळे यांच्या जोडीला एक त्वचारोगतज्ज्ञ बोलवा आणि हिमोग्लोबिनची तपासणी ठेवा. रांग किती लागते ते बघाच! आणि एनएसएसच्या शिबिराला आपण पोलादपूरच्या वाड्यांवर जातो, तिथे गजकर्ण, चाई आणि डोक्याच्या इतर त्रासांबद्दल सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन अर्धा तास बोललो, तर एका पथनाट्याइतका तरी उपयोग नक्की होईल.

तिसरी सूचना कोणत्याही कमिटीच्या मंजुरीशिवाय आजपासून अमलात येऊ शकते. एअरपोर्टचे जोक आता जुने झाले. पुढच्या वेळी मित्राने टोपी काढली तर त्याला फक्त एवढं विचारा, 'कधीपासून रे? आधी ताप वगैरे आला होता का?' आणि गरज वाटली तर त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा. एकट्याने जायचीच तर त्याला लाज वाटत असते.